दुसरा खिळा

बैठकीच्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, दोन खिळे होते. मिएन पोटुशी असताना तोआयने ते मारले होते, शेजाऱ्यांकडून हातोडा मागून आणून, मोठ्या हौसेने. एक तेपच्या फोटोसाठी, एक हेनच्या. पोरं अजून जन्मायची होती, पण तपासणीत जुळी दिसली त्याच दिवशी तोआयने दोघांची दूधनावं ठेवून टाकली होती. तेप म्हणजे जवळा, हेन म्हणजे नदीतली बारकी शिंपली. तान्ह्या पोराला गोंडस नावाने हाक मारायची नसते. ऐकणाऱ्यांत वाईट ऐकणारेही असतात, आणि जवळ्या-शिंपल्यांकडे त्यांचं लक्ष जात नाही. पोरांचा महिना भरला की पाहुणे बोलवायचे, फोटो काढायचे, मोठे करून शेजारी शेजारी लावायचे, असं ठरलं होतं.

महिना भरला तो एकट्या तेपचा.

त्यानंतर त्या खिळ्यांना कुणी काही टांगलं नाही आणि ते कुणी उपटलेही नाहीत. आता तेप सोफ्यावर चढून उड्या मारण्याएवढी झाली होती. भिंतीवर पिवळसर चुन्यात दोन काळे ठिपके, बस. पाहुणे आले की एखादी बाई विचारायची, "काही लावणार होतात का इथे?" मग तोआय म्हणायचा, "हो, बघतोय अजून."

नवं वर्ष जवळ आलं, टेटची साफसफाई सुरू झाली, तशी ती भिंत तोआयच्या डोळ्यांत खुपायला लागली. रोज जेवण झालं की तो मोबाइल घेऊन मिएनच्या शेजारी येऊन बसायचा.

"हे बघ. शिडाचं जहाज. वारा मागून आहे, म्हणजे सगळं सुरळीत. आमच्या हापिसात सगळ्यांच्या घरी आहे."

"फ्रेमला काच आहे."

"बरं, मग हे. नऊ मासे. पैसा येतो म्हणतात."

"याही फ्रेमला काच."

"काचेऐवजी प्लॅस्टिक घालून घेऊ."

"लाकूड केवढं जाड आहे बघ. तेप खाली उड्या मारत असते, निसटून डोक्यात पडली म्हणजे?"

तोआयने पुढचं चित्र सरकवलं. आठ घोडे, नदी तुडवत येणारे. त्याने स्वतःच मान हलवली. "हे नकोच. हे घोडे तेपला लाथ मारतील, असं म्हणशील तू."

मिएन हसली. मग उठून आत गेली आणि झोपलेल्या तेपच्या नाकाशी बोट धरून उभी राहिली. श्वास लागला बोटाला. तरी थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मिएनने औषधशास्त्राची पदवी घेतली होती. जुळ्यांपैकी एखादं कमी वजनाचं का निघतं, फुप्फुसं कच्ची राहिली तर काय होतं, हे ती परीक्षेत लिहून पास झाली होती. पण शिकल्याने जीव थाऱ्यावर राहतो असं थोडंच आहे. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला तिने कापूस बांधला होता. तेपचं कुणी कौतुक केलं की ती आधी "दृष्ट न लागो" म्हणायची आणि मग आभार मानायची. आणि बाजारात मासळीच्या रांगेतून ती जायचीच नाही. तिथे एक बाई घमेलं पुढ्यात घेऊन ओरडत बसायची, "हेन घ्या, ताजी हेन! आत्ता नदीतून काढली!" घरात जे नाव कुणाच्या ओठांवर येत नव्हतं, ते तिथे असं चिखलात बसून भर सकाळी विकलं जायचं.

टेटच्या आधी सासूबाई गावाहून आल्या. येताना भात बांधायची हिरवी पानं, एक जिवंत कोंबडा आणि स्वतःचा आवाज घेऊन आल्या.

"अगंबाई, भिंत अजून बोडकीच? पूर्वज घरी यायचे आता. त्यांना वाटेल, आपला पोरगा भाड्याच्या खोलीत राहतो!"

"मिएनला काच नको आहे, आई," तोआय म्हणाला.

"मग काच कशाला हवी? आम्ही काय काचा लावत होतो? दोंग होला चला, चित्रवाल्यांच्या गावाला. पोरांची जोडी आणू. कागद आणि वर-खाली बांबूच्या काड्या. अंगावर पडली तर मांजरसुद्धा दचकायचं नाही."

पोरांची जोडी म्हटल्यावर तोआयने मिएनकडे पाहिलं. मिएन पानं पुसत होती, ती पुसतच राहिली. पण मनात काहीतरी हललं. टेटला लावायची ती जोडी तिला माहीत होती, लहानपणी आजोळी पाहिलेली. बदक कवटाळलेली गुबगुबीत मुलगी, कोंबडा कवटाळलेला गुबगुबीत मुलगा. समोरासमोर तोंड करून बसलेली. भिंतीवर खिळेही दोन. तिला वाटलं, म्हातारीच्या लक्षात आहे. बोलत नाही, पण लक्षात आहे.

दोंग होच्या रस्त्यावर पावसाची भुरभुर होती. गावात शिरलं की दोन्ही बाजूंनी कागदच कागद. कागदी घोडे, कागदी मोटारसायकली, मजल्यांची घरं, सोनेरी टोप्या, सगळं जाळून पलीकडे पाठवायचं. चित्रं छापणारी घरं आता थोडीच उरली होती, बाकी गाव मेलेल्यांचा संसार रंगवत होतं. सासूबाईंनी गाडीतून उतरण्याआधीच पिशवीतून काजळीची डबी काढून तेपच्या कपाळावर बोट उठवलं.

"इथून जाताना नातीचं तोंड तुझ्या खांद्यात ठेव. आणि तूही इकडेतिकडे बघू नकोस, तेपची आई."

पण मिएनने पाहिलं. एका दारात दोरीवर कागदी कपडे लटकवले होते. मोठ्यांचे सदरे, विजारी, आणि शेवटी अगदी टोकाला, तळहाताएवढं एक निळं झबलं. बटणंही रंगवलेली. तिचा पाय तिथे अडखळला.

"चल," सासूबाईंनी कोपर धरलं.

चित्रांच्या घरात एक बाई लाकडी ठसा कागदावर दाबून, मग उलटवून, कागदाच्या पाठीवरून सुक्या घोसाळ्याच्या जाळीने घासत होती. कागद उचलला की खालून हिरवा रंग निघायचा. भिंतीला दोरीवर कोंबडेवाला आणि बदकवाली, कोंबडेवाला आणि बदकवाली, अशी रांगच वाळत होती. कागदाला शिंपल्यांची पूड भाताच्या खळीत कालवून लावलेली असते. पोरांचे पाय, पोटं, गाल, सगळ्यांतून ती बारीक चमकत होती.

"नात का?" बाईने तेपकडे पाहिलं. "दृष्ट न लागो, डोळे केवढे! एकटीच?"

"एकटीच," सासूबाई म्हणाल्या.

"मग कोंबडेवाला घेऊन जाच. तो भिंतीवर बसला की मागोमाग भाऊ येतो. माझ्या जावेकडे आला, तिच्या बहिणीकडे आला."

"तुझ्याकडे?"

"माझ्याकडे चारही बदकवाल्याच! छापणाऱ्याला लागू पडत नाही वाटतं."

दोघी मोठ्याने हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "त्यासाठीच तर एवढ्या गारठ्यात हाडं मोडत आले. आमच्या सुनेला जरा समजाव, ती काही मनावर घेत नाही."

मिएनला वाटलं, कुणीतरी पायाखालची चटई ओढली. म्हातारीच्या लक्षात होतं ते पुढच्याचं, मागच्याचं नव्हे. एवढा वेळ गाडीत ती एकटीच खुळ्यासारखी मऊ होऊन बसली होती.

"काय ग? घ्यायची ना जोडी?"

मिएनने दोरीवरच्या एका कोंबडेवाल्याकडे पाहिलं. त्याने कोंबड्याच्या गळ्याभोवती हात टाकला होता. ओठ लाल, गाल फुगलेले. कुठलंही पोर असतं तसं पोर. महिना भरलेलं, वर्ष भरलेलं, खाऊनपिऊन वाढलेलं.

"घेऊ," ती म्हणाली. "तोच द्या, तो तिसरा."

"सगळे एकाच ठशाचे आहेत," बाई म्हणाली.

"तरी तोच द्या."

सासूबाई खूश झाल्या. परत येताना सगळा रस्ता त्या बोलत होत्या.

चित्रं लावताना सगळं घर जमलं. तोआय स्टुलावर, मिएन स्टूल धरून, सासूबाई लांब उभ्या राहून हुकूम सोडत.

"वर, आणखी वर. पोरांनी खाली बघायचं असतं, आपण वर."

"खिळे आहेत तिथेच लागणार, आई."

"मग मुलगा डावीकडे. खिडकीकडच्या खिळ्याला."

खिडकीकडचा खिळा हेनचाच होता. मारतानाच तोआय म्हणाला होता, मुलगा डावीकडे, मुलगी उजवीकडे. तोआयने कोंबडेवाला लावला. काडी सरळ होती, तरी त्याने ती दोन्ही हातांनी पुन्हा सरळ केली. मग तळहात कागदावर ठेवून तो जरा जास्तच वेळ स्टुलावर उभा राहिला. मिएनने खालून पाहिलं. त्याचा चेहरा भिंतीकडे होता.

"चिकटलास का रे तिथे?" सासूबाई म्हणाल्या.

तो उतरला आणि मागून आणलेला हातोडा परत करायला शेजारी गेला. हातोडा लागलाच नव्हता.

त्या दिवसापासून मिएनला सकाळी लवकर जाग यायला लागली. सगळे झोपलेले असताना ती बैठकीत यायची. घरात पूर्वजांचा देव्हारा होता, तिथे सासऱ्यांचा फोटो होता, आजेसासऱ्यांचा होता, सगळ्यांना उदबत्ती मिळत होती. पण आईबापाने पोरापुढे उदबत्ती लावायची नसते. म्हणून हेनला घरात कुठेच जागा नव्हती. ना फोटो, ना कपडा, ना पाळणा. दुसरा पाळणा तर ती इस्पितळातून यायच्या आतच कुणाला तरी देऊन टाकला होता. आता एवढ्या दिवसांनी त्याला एक खिळा मिळाला होता. बाकीच्यांना तिथे दुसरंच कुणी दिसत होतं, दिसू दे. कागदाला काय कळतं कोण कुणाचा.

"उठलास, हेन?" ती हळू म्हणायची. "थंडी आहे बघ आज."

तेप कधी डोळे चोळत मागे येऊन उभी राहायची, मिएनला कळायचंही नाही. पोरीला तिने शिकवलं, असं म्हणता येणार नाही. पण तेप बदकवालीकडे बोट दाखवून "तेप" म्हणायची, आणि मग दुसऱ्या चित्राकडे बोट नेऊन आईकडे बघायची. तेव्हा मिएनला खोटं बोलवायचं नाही.

टेटचा पहिला दिवस. दारात फुललेल्या पीचची फांदी, टेबलावर कलिंगडाच्या बिया, देव्हाऱ्यात फळांचा डोंगर. या दिवशी घरात मेल्या-गेल्याचा शब्द काढायचा नसतो, रडायचं नसतं, काही फोडायचं नसतं. वर्षभर तेच होत राहतं म्हणून. तोआयची लुआ आत्या नवऱ्याला घेऊन आली. तिची नजर आल्या आल्या भिंतीवर.

"अगो, कोंबडेवाला आला की घरात! कुणाची युक्ती, वहिनी?"

"माझीच," सासूबाई म्हणाल्या. त्या बान्ह चुंग कापत होत्या. भाताच्या त्या चौकोनाला सुरी लावत नाहीत, तो ज्या बांबूच्या दोऱ्यांनी बांधलेला असतो त्याच ओढून कापतात.

"यंदा खरा येऊ दे. ए तोआय, नुसतं चित्राकडे बघून होत नाही हो, तुलाही काही करावं लागेल!"

आत्याचा नवरा बिया फोडता फोडता खोकत हसला. तोआयने चहा ओतला. मिएनही हसली, तिने सगळ्यांसारखंच हसायचं ठरवलं होतं.

तेप नव्या लाल कपड्यांत सोफ्यावर चढली. पाहुण्यांचं लक्ष आपल्याकडे आहे हे पोरांना बरोबर कळतं. तिने उजवीकडच्या चित्रावर हात ठेवला. "तेप."

"अगं हुशार! आपण कोण ते कळतं तिला!"

मग तिने पलीकडे सरकून, टाचा उंचावून, कोंबडेवाल्याच्या पायांवर हात ठेवला. "हेन," ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने. आणि शाबासकीसाठी सगळ्यांकडे पाहिलं.

सासूबाईंच्या हातातली दोरी अर्ध्या भातात थांबली.

"कोण ग हेन?" आत्याने विचारलं. एक पोर गेलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण दूधनाव तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "कुणाला हाक मारते ही?"

मिएनने तोआयकडे पाहिलं.

"कुणी नाही, आत्या," तोआय म्हणाला. "तुम्ही बिया घ्या ना. गोड आहेत."

मिएन उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. पाहुणे गेले तरी नळ चालूच होता. तोआय दारात येऊन उभा राहिला.

"पहिला दिवस होता, मिएन. त्यांच्यासमोर काय सांगणार होतो?"

"काही नाही. तू सांगितलंस तेच. कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेपचं अंग तापलं. नाक वाहत होतं, घसा लाल होता. घरात पाहुण्यांची ये-जा, थंडी, भुरभुर. अशा हवेत निम्म्या शहराची पोरं तापतात. मिएनने वजनाप्रमाणे औषध मोजून दिलं. दर थोड्या वेळाने काखेत थर्मामीटर. आकडा घाबरण्यासारखा नव्हता, हे तिच्या डोक्याला पटत होतं. पण तिचे डोळे आपोआप भिंतीकडे जात होते. मीच हाक मारली. रोज सकाळी नाव घेऊन हाक मारली. पोटात दोघं एकमेकांना चिकटून होती, आता तो एकटा आहे, आणि मी हिच्या तोंडून त्याला बोलावून घेतलं.

तेपला झोप लागली तशी ती स्वयंपाकघरात आली. सासूबाई तांदळाची पेज ढवळत होत्या, तापावरची जांभळी पानं चिरून ठेवली होती. त्या बोलल्या तेव्हा मागे वळल्या नाहीत.

"तेपची आई, ते चित्र तू कुणाचं म्हणून लावलंस?"

मिएनने चिरलेली पानं ताटलीत गोळा केली.

"मी येणाऱ्याचं म्हणून आणलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"गेलेल्याला तिथे बसवलंस, तर येणारा कुठे बसेल?"

"येणारा आला तर त्याला नवा खिळा मारू, आई. हा ज्याच्यासाठी मारलाय त्याचाच आहे."

पळी पातेल्यात फिरत राहिली. "त्याला हाक मारू नये म्हणतात, ते काही नुसतं तेपच्या काळजीने नव्हे. एवढंसं पोर ते. त्याला वाट कुठे माहीत? हाक आली की मागे वळणार. परत पुढे, परत मागे. ना इकडचा ना तिकडचा."

"तुम्ही कुणी त्याचं नावसुद्धा घेत नाही," मिएनचा आवाज चढला, मग तेप उठेल म्हणून तिने तो दाबला. "आलाच नव्हता जसा काही. तुमचा मुलगा काल म्हणाला, कुणी नाही. कुणी नाही म्हणाला तो!"

"आला होता," सासूबाई म्हणाल्या. "मी धुतलं त्याला."

त्यांनी गॅस बारीक केला. दोन्ही हात पदराशी न्यावेत तसे अंगातल्या गरम सदऱ्याला पुसले.

"तू इस्पितळात वर होतीस, टाके होते, तेपला पाजत होतीस. आईने जायचंही नसतं. तोआयने त्याला आणून माझ्या हातात दिला आणि जिन्यात बसून राहिला. मी कोमट पाणी मागून घेतलं. टोपी काढली तेव्हा दिसलं. उजव्या कानाची पाळी आत दुमडलेली. तुझी आहे तशीच."

मिएनचा हात तिच्या कानाकडे गेला. तिने हेनला पाहिलं होतं ते काचेपलीकडे, नळ्यांमध्ये, भुवयांपर्यंत ओढलेल्या टोपीत. त्याचे कान तिने पाहिलेच नव्हते.

"मला का नाही सांगितलंत?"

"विचारलं नाहीस. आणि विचारलं असतंस तरी सांगितलं नसतं. दूध आटलं असतं तुझं, मग हिला काय पाजलं असतंस?"

पेज हळूहळू खदखदत होती.

"आणखी काय दिसलं?"

"आणखी काय म्हणजे?"

"आणखी सांगा, आई. काही पण."

सासूबाईंनी आठवून पाहिलं. "नखं वाढली होती. मी कापली नाहीत. केस दाट, ओले केल्यावर कपाळाला चिकटले. थंडी होती, म्हणून माझ्या अंगातला निळा सदरा काढला, त्यात गुंडाळला. आमच्या शेताच्या कडेला, बांबूंच्या मागे."

"आणखी?"

"बस, पोरी. एवढंच होतं त्याचं."

मग सासूबाईंनी वाटी काढली, पेज ओतली, वर पानं टाकली, आणि ती तेपसाठी नव्हे, मिएनच्या हातात दिली. "खा आधी."

तेपचा ताप सकाळी उतरला. ती उठल्या उठल्या बिया मागायला लागली. तो तिसरा दिवस होता. टेटला घरी आलेल्या पूर्वजांना निरोप द्यायचा, त्यांच्यासाठी आणलेले कागदी कपडे, कागदी सोनं जाळून बरोबर द्यायचं, हे त्या दिवशीचं काम. सासूबाई देव्हाऱ्यातले गठ्ठे उतरवत होत्या. मिएन स्टूल घेऊन बैठकीत आली आणि खिडकीकडच्या खिळ्यावरून कोंबडेवाला काढला.

"राहू दे ना," तोआय म्हणाला. तो केव्हा मागे येऊन उभा राहिला होता, तिला कळलं नव्हतं. "हवा बदलली म्हणून ताप आला तिला. याने नाही आला."

"माहीत आहे मला."

"मग कशाला काढतेस? मी आईला सांगतो. राहू दे, मिएन. त्याला राहू दे तिथे."

त्याला, असं तो म्हणाला. मिएनने ते ऐकलं. ती स्टुलावरून उतरली, कागदावरची नसलेली धूळ तिने बाहीने पुसली.

"तिथे आपल्याला बरं वाटतं, तोआय. त्याच्याजवळ काहीच नाही. तुझ्या आईचा एक सदरा आहे, बस. तोही केवढा मोठा झाला असेल त्याला."

तोआयने भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसला. तेप त्याच्या मांडीवर चढून त्याच्या खिशातल्या बिया शोधायला लागली.

इमारतीच्या अंगणात जाळायची लोखंडी टाकी होती. शेजारची दोन घरं आपलं आटपून वर निघाली होती. भुरभुर चालूच होती, धूर वर जाता जाता खाली बसत होता. सासूबाईंनी आधी सासऱ्यांचा गठ्ठा घेतला, त्यांचं नाव घेतलं, आगीत सोडला. मग आजेसासरे. मग आजेसासूबाई. प्रत्येकाचं नाव पुरं, गावासकट. मग त्यांनी मिएनच्या हातातल्या चित्राकडे पाहिलं. येणाऱ्यासाठी त्यांनीच आणलेलं ते चित्र. त्या काही बोलतील असं मिएनला वाटलं. त्यांनी फक्त छत्री तिच्या डोक्यावर धरली.

"नाव घे. नाव न घेता दिलं तर वाटेवरचं कुणीही उचलून नेतं."

"हेन," मिएन म्हणाली.

"दूधनाव नाही चालायचं. ती घरातली हाक झाली. तिकडे पुरं नाव लागतं."

पुरं नाव होतं. पोटात असतानाच एका संध्याकाळी दोघांनी बसून दोन्ही ठरवली होती. तेपचं शाळेत लागणार होतं, दवाखान्यात लागत होतंच. दुसरं कधीच कुठे लागलं नाही. चित्राचा कागद तिच्या हातात भुरभुरीने मऊ पडत चालला होता.

"वू होआय सोन," तोआय म्हणाला.

त्याने तेपला कडेवर घेतलं होतं. तो आगीकडे बघत होता. "वू होआय सोनसाठी. तोआय आणि मिएनचा मुलगा." मग जरा थांबून, "थोरला मुलगा," असं म्हणाला.

मिएनने चित्र सोडलं.

जाड कागद, लवकर पेटला नाही. आधी बांबूच्या काड्या धरल्या, मग कोंबड्याची शेपटी. कडेकडेने काळं आत येत गेलं. गाल, लाल ओठ, कोंबड्याच्या गळ्यातला हात. पूर्ण जळल्यावरही तो कागद तसाच आखडून उभा होता आणि राखेत शिंपल्यांची पूड बारीक चमकत होती. सासूबाईंनी पेल्यातली तांदळाची दारू त्यावर ओतली. चर्र झालं, आणि मग नुसती ओली राख राहिली.

"मिळालं त्याला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तोंड फिरवलं, पण सदऱ्याची बाही डोळ्यांशी गेलेली मिएनला दिसली. "चला वर. पोरीला गार वारा लागतोय."

सासूबाई दुसऱ्या दिवशी गावी गेल्या. दारात त्या मिएनला म्हणाल्या, "थंडी सरली की ये तिकडे. बांबूंच्या मागची जागा दाखवते." मग आवाज मोठा करून, "आणि टेबलांना बांधलेला तो कापूस काढ ग, इस्पितळ वाटतं!"

त्या गेल्यावर तोआय पक्कड घेऊन सोफ्यावर चढला.

"काय करतोस?"

"हा खिळा काढतो. रिकामा आहे, तेप चढते इथे, लागेल तिला."

घरातला प्रत्येक कोपरा कापसात गुंडाळणारी मिएन त्या खिळ्याकडे बघत राहिली. किंचित गंजलेला, डोकं एका बाजूला वाकलेलं.

"राहू दे," ती म्हणाली.

"लागला म्हणजे?"

"उंचावर आहे. तिचा हात नाही पोचत."

तोआयने पक्कड खिशात घातली. उजवीकडच्या खिळ्यावर बदकवाली तिच्या जागी होती. जोडीतली असल्यामुळे तिचं तोंड डावीकडे वळवून छापलेलं होतं. बदक कवटाळून ती त्या दुसऱ्या खिळ्याकडे बघत होती.

खाली सोफ्यावर तेपनेही मान तिकडे वळवली. तिने बोट उचललं. आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि वाट बघत राहिली, कुणीतरी आधी म्हणेल म्हणून.